सूर्य झाकला जातो, मंद होत नाही



२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक मोकळा दिवस आला होता. तो मंगळवार, २५ ऑक्टोबर. त्या दिवशी मुंबईत दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास सूर्यबिंबाला ग्रहणाचा स्पर्श झाला आणि ६ वाजून ८ मिनिटांच्या आसपास सूर्य ग्रासलेलाच मावळला. आपल्या पंचांगांत अशा ग्रहणाला ग्रस्तास्त म्हणतात. मोक्ष, म्हणजे ग्रहणाचा शेवट, सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर होतो, म्हणून तो दिसत नाही. मुंबईत बिंबाचा सुमारे २४ टक्के भाग झाकला गेला, दिल्लीत सुमारे ४४ टक्के. हे ग्रहण पृथ्वीवर कुठेच खग्रास नव्हते. चंद्राची दाट छाया पृथ्वीला न टेकता उत्तरेकडून निघून गेली, आणि सर्वांत मोठा ग्रास पश्चिम सायबेरियात दिसला, तोही व्यासाच्या सुमारे ८६ टक्केच. अशा ग्रहणाबद्दल आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘खंडग्रासच तर आहे!’ या वाक्यातल्या ‘च’ला माझी हरकत आहे. खंडग्रास ग्रहण म्हणजे हुकलेले खग्रास नव्हे. नीट पाहिले, नीट टिपले, तर ते मोजमापाचे ग्रहण आहे. ते पाहायचे कसे, त्याचे छायाचित्र घ्यायचे कसे आणि त्यातून काढायचे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका साध्या वस्तुस्थितीतून निघतात. ग्रहणात सूर्य झाकला जातो, मंद होत नाही.

आधी हिशोब करू. पृथ्वीवरच्या एखाद्या ठरावीक जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. चंद्राच्या दाट छायेचा पट्टा बहुधा अडीच-तीनशे किलोमीटरपेक्षा रुंद नसतो, तर विरळ छाया हजारो किलोमीटर पसरते. म्हणून २२ जुलै २००९ रोजी सुरत-भोपाळ-पाटण्यावरून गेलेले खग्रास, १५ जानेवारी २०१० रोजी कन्याकुमारीला दिसलेले कंकणाकृती, २६ डिसेंबर २०१९ चे केरळ-तमिळनाडूचे कंकण आणि २१ जून २०२० चे राजस्थान-हरियाणा-उत्तराखंडचे कंकण, ही चारही ग्रहणे मुंबई-पुण्याच्या माणसाला खंडग्रासच होती. पाचवे २०२२ चे. जे ग्रहण आपल्या अंगणात येते ते हे आहे. ज्याला प्रवास परवडतो त्याने खग्रास पाहायला जरूर जावे, त्याची बरोबरी कशाशीच नाही. पण गावातल्या शाळेच्या मैदानावर जे घडते ते पाहायला शिकणे ही वेगळी आणि जास्त लोकांच्या हातातली गोष्ट आहे.

आता मूळ मुद्दा. खिडकीचा एक दरवाजा लोटला की खोलीत उजेड कमी येतो. पण उघड्या राहिलेल्या दरवाजातून दिसणारे आकाश पूर्वीइतकेच लख्ख असते. ग्रहणातल्या सूर्याचे असेच आहे. चंद्राने निम्मे बिंब झाकले तर जमिनीवर येणारा एकूण प्रकाश निम्मा होतो, मात्र उरलेल्या कोरीचा प्रत्येक कण पूर्वी जितका तळपत होता तितकाच तळपत असतो. फरक पडतो तो थोडासा, आणि तो चंद्रामुळे नव्हे. सूर्यबिंबाची कड मध्यभागापेक्षा मुळातच मंद असते, त्यामुळे अगदी बारीक कोर उरते तेव्हा ती थोडी फिकी भासते. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे ९९ टक्के बिंब झाकले गेले तरी उरलेला एक टक्का सुमारे चार हजार पौर्णिमांइतका प्रकाश देतो, आणि तो सगळा एका बारीक कोरीतून. डोळ्याची रचना पाहता ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. डोळ्यातले भिंग सूर्याची जी प्रतिमा पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पाडते, ती जेमतेम दीड दशांश मिलिमीटर रुंद असते. ज्या वस्तूकडे आपण रोखून पाहतो तिची प्रतिमा नेमकी त्या जागी पडते जिथे अक्षर वाचण्याची, चेहरा ओळखण्याची शक्ती एकवटलेली आहे. तिथल्या पेशींवर प्रखर प्रकाशाचा रासायनिक परिणाम होतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना दुखत नाही. दृष्टीतला डाग बहुधा काही तासांनी जाणवतो. ऑगस्ट २०१७ मधल्या अमेरिकेतील ग्रहणानंतर न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या दृष्टिपटलाचे सूक्ष्म चित्रण प्रसिद्ध केले. त्यातल्या जखमेचा आकार कोरीचा होता. त्या दिवशी आकाशात जे दिसत होते त्याचा ठसा डोळ्यात उमटला होता.

म्हणजे ग्रहणाच्या वेळी काही निराळे, विषारी किरण येतात हा समज चुकीचा आहे, आणि ग्रहणात सूर्याकडे पाहणे धोक्याचे आहे हे म्हणणे बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? एरवी भर दुपारच्या सूर्याकडे नजर गेली की डोळे आपोआप मिटतात, मान वळते. ही राखण निसर्गाची आहे आणि ती एकूण प्रकाशावर चालते. ग्रहणात एकूण प्रकाश घटतो, राखण ढिली पडते, बाहुली थोडी रुंदावते आणि पाहण्यासारखे काहीतरी समोर असल्यामुळे माणूस टक लावतो. सूर्य तोच असतो, बदलते ते आपले वागणे. हे मुलांना नीट समजावून सांगितले तर ती ऐकतात, असा माझा विश्वास आहे. ‘ग्रहणाचे किरण वाईट’ एवढेच सांगितले, तर मूल एकदा चोरून पाहते, लगेच काही होत नाही असे त्याला वाटते आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

याच हिशोबाने घरगुती उपायांची पारख करता येते. परातीत पाणी घेऊन किंवा शेणकाल्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहायची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या रीतीमागे काळजी होती, हे मान्य. पण आकडे पाहा. सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ पाणी सुमारे २ टक्के प्रकाश परतवते. डोळ्याला सुरक्षित असा सौरफिल्टर साधारणपणे एक लाखातला एक भाग प्रकाश आत सोडतो, म्हणजे ०.००१ टक्का. पाण्यातले प्रतिबिंब या मर्यादेच्या सुमारे दोन हजार पट प्रखर झाले. सूर्य पश्चिमेला उतरला की पाणी आणखी जास्त प्रकाश परतवते, त्यामुळे २०२२ सारख्या संध्याकाळच्या ग्रहणात परातीचा उपाय जास्तच वाईट. शेणाने किंवा हळदीने पाणी गढूळ झाले तरी प्रतिबिंब पृष्ठभागावरूनच येते, गढूळपणा आत राहतो. साधा गॉगल दहा-वीस टक्के प्रकाश सोडतो. काजळी धरलेली काच कुठे दाट असते, कुठे विरळ. एक्स-रेच्या फिल्मवर हाड जिथे उमटले आहे तिथला भाग पारदर्शक असतो, आणि रंगीत निगेटिव्हमधले रंग अदृश्य उष्ण किरणांना अडवतच नाहीत. डोळ्याला अंधारलेले दिसते, पण तेवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही. उपयोगाच्या गोष्टी थोड्याच आहेत. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा, चुरगळलेला वा टोचलेला नसलेला ग्रहणचष्मा, किंवा वेल्डरची चौदा नंबरची काच. दुकानात सहज मिळणारी काच बहुधा दहा-अकरा नंबरची असते. ती या कामाची नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. आपण रोजच सूर्यास्त उघड्या डोळ्यांनी पाहतो. कोकणच्या किनाऱ्यावर तर तोच सोहळा असतो. मग ग्रस्तास्त ग्रहण पाहायला चष्मा कशाला? सूर्य क्षितिजाला टेकतो आणि धुरकट हवेतून तांबडा लाल दिसतो तेव्हा वातावरणच फिल्टरचे काम करते, हे खरे. पण ते किती काम करते हे त्या दिवशीच्या धुळीवर, बाष्पावर अवलंबून असते, आणि पावसाने धुऊन निघालेल्या ऑक्टोबरच्या हवेत ते फारच कमी असू शकते. शिवाय त्या दिवशी स्पर्श झाला तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे १७ अंशांवर होता. तो सूर्यास्ताचा नव्हे, डोळे दिपवणारा सूर्य होता. शेवटच्या चार मिनिटांच्या सवयीवरून आधीच्या सव्वा तासाचा नियम बांधता येत नाही.

आता कॅमेरा. इथेही तीच वस्तुस्थिती कामाला येते. कोरीचे तेज बदलत नसेल, तर कोरीच्या छायाचित्राचे एक्स्पोजरही बदलायला नको. नवख्या छायाचित्रकाराची चूक इथे होते. ग्रास वाढत गेला की तो हळूहळू शटर लांबवत जातो, कारण आजूबाजूला उजेड उतरलेला त्याला जाणवतो. मग कोर पांढरीफटक होते, तिच्या कडा फुगतात आणि चंद्राची कड जिथे सुरीने कापल्यासारखी दिसायला हवी तिथे धुकट होते. योग्य रीत अशी. एक लाखांश प्रकाश सोडणारा फिल्टर लेन्सच्या पुढे घट्ट बसवावा. आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवले तर सुमारे १/४०० सेकंद हा आरंभबिंदू होतो. आदल्या दिवशी त्याच वेळी, तितक्याच उंचीवरच्या पूर्ण सूर्यावर चाचणी घ्यावी, डाग असल्यास डागांवर आणि नसल्यास कडेवर फोकस साधावा, फोकसची कडी चिकटपट्टीने जखडावी आणि ग्रहण सुरू असताना त्या आकड्यांना फक्त दोन प्रसंगी हात लावावा. पातळ ढग आला तर, किंवा सूर्य क्षितिजाजवळच्या जाड हवेत शिरला तर. फिल्टर पुढेच हवा, डोळ्याजवळ नव्हे. मोठ्या भिंगाने गोळा केलेली उष्णता मागे बसवलेली छोटी काच क्षणात तडकवू शकते आणि तिच्यामागे डोळा असतो. लेन्सवर फिल्टर नसताना ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहणे ही तर सर्वांत भयानक चूक आहे.

प्रतिमेचा आकार किती येईल, याचे गणित तोंडी करण्याइतके सोपे आहे. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याची प्रतिमा फोकल लांबीच्या सुमारे १०९ व्या भागाएवढी पडते. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने साडेचार मिलिमीटरचा सूर्य मिळतो, त्यावर मोजमाप करता येते. मोबाइलच्या मुख्य लेन्सची प्रत्यक्ष फोकल लांबी पाच-सहा मिलिमीटर असते, म्हणजे सूर्य येतो अर्धा दशांश मिलिमीटर, जेमतेम चाळीसेक ठिपक्यांचा. म्हणून मोबाइल सूर्याकडे रोखण्यात अर्थ नाही. पण तोच मोबाइल भिंतीवर पाडलेल्या प्रतिमेचे छायाचित्र घ्यायला उत्तम आहे, आणि ती प्रतिमा पाडायला स्वयंपाकघर पुरेसे आहे.

पुऱ्या तळायचा झारा घ्या. दुपारच्या उन्हात तो पांढऱ्या भिंतीसमोर दीड-दोन मीटरवर धरला, तर एरवी गोल ठिपक्यांची रांगोळी पडते. ग्रहणात त्या प्रत्येक ठिपक्याची कोर होते, साऱ्या कोरी एकाच दिशेला तोंड करून. चाळणी, रोवळी, आंब्याच्या पानांतल्या फटी, एकमेकांत गुंतवलेली बोटे, सगळ्यांतून हेच होते. भोक चौकोनी असले तरी दूरच्या भिंतीवर प्रतिमा सूर्याच्याच आकाराची पडते. हे का होते, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथांत येतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने ग्रहणकोरीच्या प्रतिमेवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. २४ जानेवारी १५४४ चे ग्रहण गेमा फ्रिसियस याने लूवेन इथे अंधाऱ्या खोलीच्या भोकातून पाहिले आणि १५४५ मध्ये त्याचे चित्र छापले. अंधाऱ्या खोलीतल्या प्रतिमेचे छापलेले पहिले चित्र म्हणून ते ओळखले जाते. लॅटिनमध्ये खोलीला ‘कॅमेरा’ म्हणतात. आज खिशात फिरणाऱ्या या यंत्राचे नाव त्या खोलीवरून आले आहे.

पण माझ्या विषयाला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे खगोलशास्त्रज्ञ केपलर. त्याच्या आधीचा निरीक्षक टायको ब्राहे याच्या ध्यानात आले होते की भोकातून पाडलेल्या ग्रहणाच्या प्रतिमेवर मोजला तर चंद्राचा व्यास हवा त्यापेक्षा लहान भरतो. चंद्र काही आक्रसत नाही, मग चूक कुठे? १० जुलै १६०० रोजी ग्राट्झ शहरातून दिसलेल्या सूर्यग्रहणाची प्रतिमा केपलरने भोकातून पाडली, मापे घेतली आणि उत्तर शोधले. भोक बिंदू नसते, त्याला रुंदी असते. त्या रुंदीमुळे उजळ कोरीची प्रत्येक कड बाहेर सरकते, उजेड अंधारात घुसतो आणि काळा चंद्र सर्व बाजूंनी खरवडला जातो. भोकाच्या रुंदीएवढी दुरुस्ती केली की चंद्र पूर्ववत होतो. १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात हे विवेचन आहे. ग्राट्झला ते ग्रहण खंडग्रास होते, आणि ते तसे होते म्हणूनच हा प्रश्न सुटला. सूर्य पूर्ण झाकला गेला असता तर उजेडाची कडच उरली नसती आणि मोजायला काही मिळाले नसते. आज शाळेतल्या मुलांनी एकाच पुठ्ठ्यावर एक, तीन आणि पाच मिलिमीटरची भोके पाडून एक मीटरवरच्या कागदावर कोरी घ्याव्यात. सूर्याची प्रतिमा तिथे नऊ मिलिमीटरची असते. पाच मिलिमीटरच्या भोकाची कोर सुजलेली दिसते, एक मिलिमीटरची फिकी पण टोकदार. केपलरची दुरुस्ती मुलांच्या पट्टीवर उतरते.

मोजमापाचा याहून जुना दाखला प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसचा. एका सूर्यग्रहणात हेलेस्पाँटच्या भागात सूर्य पूर्ण झाकला गेला, तर अलेक्झांड्रियात त्याचा पाचवा भाग उघडा राहिला. त्याने विचारले, दोन्ही ठिकाणांहून सूर्य जवळपास एकाच दिशेला दिसतो, मग चंद्र पाचव्या भागाने सरकलेला का दिसावा? कारण चंद्र जवळ आहे आणि पाहणारे दोघे लांब लांब उभे आहेत. दोन ठिकाणांमधले अंतर आणि सूर्यबिंबाच्या पाचव्या भागाचा कोन, एवढ्यावरून त्याने चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत काढले. उत्तर आजच्या सुमारे साठ त्रिज्यांपेक्षा मोठे आले, पण रीत बिनचूक होती. यात खग्रास पाहणाऱ्याची साक्ष एकटी निरुपयोगी ठरली असती. अलेक्झांड्रियातल्या, ‘खंडग्रासच’ पाहणाऱ्या माणसाने किती भाग उरला ते सांगितले, म्हणून अंतर निघाले. २०२२ च्या ग्रहणात दिल्लीला ४४ टक्के आणि मुंबईला २४ टक्के, ही तफावत त्याच जातीची आहे. वर्तमानपत्रात ती दोन शहरांची स्पर्धा वाटते. वास्तविक तो चंद्राच्या जवळिकीचा पुरावा आहे.

या टक्क्यांबद्दल मात्र एक खुलासा हवा, कारण इथे गोंधळ नेहमीचा आहे. ग्रास दोन तऱ्हांनी मोजतात. व्यासाचा किती भाग झाकला गेला हे एक माप, बिंबाच्या क्षेत्रफळाचा किती भाग हे दुसरे. दोन्ही बिंबे सारखी धरली तर निम्मा व्यास झाकला जातो तेव्हा क्षेत्रफळ ३९ टक्केच झाकलेले असते. व्यासाचा पाचवा भाग गेला तर क्षेत्रफळ जेमतेम १० टक्के. मुंबईचे २४ टक्के क्षेत्रफळाचे होते, व्यासाने ते सुमारे ३६ भरतात. दिल्लीचे ४४ म्हणजे व्यासाने सुमारे ५५. कोणते माप आहे हे न सांगता आकडा छापणे म्हणजे एकक न सांगता वजन सांगणे. छायाचित्रावर पट्टी ठेवून मोजायला व्यास सोपा, जमिनीवरच्या उजेडाची घट समजून घ्यायला क्षेत्रफळ योग्य.

छायाचित्राची खरी किंमत कुठे आहे हे स्पर्शाच्या उदाहरणातून दिसते. पंचांगात स्पर्शाची वेळ मिनिटापर्यंत दिलेली असते. प्रत्यक्ष पाहताना मात्र पहिला चावा नजरेत भरतो तोवर थोडा वेळ गेलेला असतो, त्यामुळे डोळ्याने स्पर्शकाळ टिपणे कठीण. पण चंद्र व्यासाच्या केवळ एक टक्का आत शिरला की चाव्याच्या दोन टोकांमधले अंतर सूर्यव्यासाच्या सुमारे १४ टक्के झालेले असते. खोली दिसत नाही, पण रुंदी मोजता येते. सुरुवातीच्या काळात या रुंदीचा वर्ग जवळपास काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दर मिनिटाला एक अशी आठ-दहा छायाचित्रे घेतली, प्रत्येकातली रुंदी मोजली आणि तिचा वर्ग आलेखावर मांडला, तर रेषा मागे वाढवून ती शून्याला कुठे टेकते हे पाहता येते. तो स्पर्शाचा क्षण. जो क्षण कुणालाच दिसला नाही तो अशा रीतीने हाती येतो. अट एकच. प्रत्येक छायाचित्राची वेळ खात्रीची हवी. कॅमेऱ्याचे घड्याळ महिन्याभरात मिनिटाने चुकू शकते. उपाय अगदी सोपा आहे. ग्रहणाआधी आणि नंतर मोबाइलवरच्या सेकंदकाट्याच्या घड्याळाचे त्याच कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे, म्हणजे फरक कायमचा नोंदला जातो.

वेळ नोंदली नाही, किंवा नोंद हरवली, तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ अनेकांनी पाहिले असतील. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्या ग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून गेला हे खरे. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला पाहिले, जॉन हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. लॉकयर यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, मायदेशातून आणि ग्रहणाशिवाय. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणे घेऊन गेले होते आणि त्यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. म्हणजे अभिमान बाळगायला खरी गोष्ट आपल्याजवळ होती, तरी दोन ग्रहणांच्या तारखा एकमेकींत मिसळल्या आणि तिच्या जागी दुसरीच गोष्ट रूढ झाली. किल्ल्याचा मोठेपणा याने कमी होत नाही. तारीख सुटली की निरीक्षणाची आख्यायिका होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, मोठ्या वेधशाळा आणि उपग्रह याहून शेकडो पटींनी चांगली छायाचित्रे घेतात, ती पडद्यावर थेट दिसतात, मग आपण कशाला खटाटोप करायचा? हिप्पार्कसच्या दाखल्यातच याचे उत्तर आहे. अलेक्झांड्रियातून चंद्र कुठे दिसला हे फक्त अलेक्झांड्रियातून सांगता येते. सावंतवाडीहून किंवा गडचिरोलीहून दिसणारी कोर दुसऱ्या कोणत्याही जागची नसते, आणि तिची वेळ टिपणारा माणूस तिथेच हवा. कुणी म्हणेल, कॅमेऱ्यात डोके घातले की पाहायचे राहून जाते. खग्रासाच्या दोन-चार मिनिटांबाबत मी हे पूर्ण मान्य करतो. खंडग्रास मात्र दोन-अडीच तास चालते. दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घेऊनही भिंतीवरच्या कोरी पाहायला, शेजाऱ्याला चष्मा द्यायला भरपूर वेळ राहतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. वेध पाळणाऱ्या घरात मुलांना बाहेर सोडत नाहीत, गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून बसवतात. श्रद्धेने स्नान-जप करणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण पंचांगाची परंपरा केवळ पाळण्याची नाही, पडताळण्याचीही आहे. ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रहणाचे कारण छाया हे सांगितले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला तो आकाशाशी जुळणारे गणित सोप्या रीतीने करता यावे म्हणून. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि टिळक यांनी पंचांगशुद्धीचा वाद घातला तो दृक्प्रत्ययासाठी, म्हणजे गणिताने आलेली वेळ डोळ्यांना पटावी म्हणून. स्पर्शाची वेळ छापणाऱ्या परंपरेत स्पर्श पाहण्याची बंदी बसत नाही. आणि गरोदर बाईबद्दल स्पष्टच बोलतो. बंद खोलीत बसलेल्या तिच्यापर्यंत ग्रहणातून जास्तीचे काहीही पोचत नाही, उपास आणि तहान मात्र पोचते. तिला वेळेवर जेवू द्यावे.

आपल्याकडचे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी आहे. स्पेन, लुक्सॉर, येमेन या बाजूंना ते खग्रास दिसेल, आपल्याला दुपारनंतर खंडग्रास. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची आवस, आणि दिवस भर पावसाळ्याचे. कोकण-घाटावर सूर्य दिसण्याची आशा थोडी आहे. घाटाच्या पर्जन्यछायेतल्या गावांना, सोलापूर-धाराशिवच्या बाजूला, ती जरा जास्त असेल. विरळ ढगांमागून सूर्य फिका दिसू लागला की चष्मा काढायचा मोह होतो. ढग कधी फाटेल ते सांगता येत नाही, म्हणून तो काढू नये. गावोगावच्या शाळांनी आतापासून एक वही घालावी. पानावर गावाचे नाव, अक्षांश-रेखांश, भोकाचा व्यास, भोकापासून कागदापर्यंतचे अंतर आणि दर पाच मिनिटांना एक ओळ. कोर दिसली तर तिच्या टोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. दिसली नाही तर ती ओळ कोरी सोडू नये. वेळ घालून तिच्यापुढे ‘ढग’ असे लिहावे, कारण वीस कोसांवरच्या दुसऱ्या शाळेच्या वहीत त्याच मिनिटाला कोर असू शकेल.